एर्फुर्टची ग्लोरिओसा जोडली, मग आमच्या देवळातली घंटा का जोडायची नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "मी मूळचा सोलापूरचा, सध्या जर्मनीत नोकरीला आहे. एर्फुर्टच्या कॅथेड्रलमधली 'ग्लोरिओसा' ही १४९७ सालची घंटा तडकली होती आणि वेल्डिंग करून ती पुन्हा वाजती केली, असे तिथे कळले. आमच्या मोहोळ तालुक्यातल्या गावी देवळात जुनी मोठी घंटा आहे. गेल्या श्रावणापासून ती बद्द वाजते. सोलापूरचा एक वेल्डर म्हणतो, पितळी काडीने तासाभरात जोडून देतो. ट्रस्टमधले काही म्हणतात, वितळवून नवी ओतून घ्या. तिकडे जमते तर इथे का नाही?"

जोडता येते. पण तासाभरात नाही आणि काशाच्या घंटेला पितळी काडीने तर नाहीच. वेल्डरला तूर्त "नंतर बघू" म्हणून सांगा, लोलक दोरीने बांधून ठेवा म्हणजे येणारा-जाणारा घंटा वाजवणार नाही, आणि मग हे सावकाश वाचा. माझे अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत ओतकामाचे युनिट आहे. पोटापाण्याचे काम म्हणजे लूमचे आणि पंपांचे गनमेटल बुश. घंटा अधूनमधून येतात, आणि त्यातल्या बऱ्याच कुणीतरी आधी 'दुरुस्त' केलेल्या असतात.

तुम्ही पाहून आलात त्या घंटेपासून सुरू करतो, कारण ती नीट कळली की गावच्या घंटेचे काय करायचे ते बरेचसे त्यातूनच निघते.

ग्लोरिओसा ओतली गेली जुलै १४९७ मध्ये. त्याच महिन्यात वास्को द गामा लिस्बनहून हिंदुस्थानच्या वाटेला लागला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण पुढे वसईच्या घंटांविषयी बोलायचे आहे तेव्हा हा काळ लक्षात असू द्या. ओतणारा गेरहार्ड फान वाऊ, नेदरलँड्समधल्या काम्पेनचा. वजन सुमारे साडेअकरा टन, तोंडाचा व्यास अडीच मीटरहून थोडा जास्त. मध्ययुगात ओतलेल्या आणि आजही झुलवून वाजवता येणाऱ्या घंटांत ही सर्वांत मोठी मानली जाते. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन लूथरला १५०७ मध्ये याच कॅथेड्रलमध्ये धर्मगुरूची दीक्षा मिळाली, तेव्हा ती दहा वर्षांची होती. अंगावर लॅटिन पद्य आहे: मी संतांची स्तुती गाते, वीज आणि दुष्ट पिशाच्चे दूर ठेवते; शेवटी कारागिराचे नाव आणि साल. आपण पूजेला बसताना घंटा हातात घेऊन "आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम्" म्हणतो, तेच काम. दोन्हीकडच्या राक्षसांना काशाचा आवाज सोसत नाही असे दिसते. विजेचे मात्र तसे नव्हते. वादळात मनोऱ्यात चढून ओला दोर ओढणारी माणसे युरोपात वीज पडून मरत आणि शेवटी काही ठिकाणी ती प्रथा कायद्याने बंद करावी लागली.

एवढी घंटा ओतायची कशी, तर जमिनीत खड्डा खणून. विटांचा गाभा रचायचा, त्यावर माती, घोड्याची लीद आणि केस कालवलेला चिखल थराथराने चढवायचा आणि मधल्या खांबाभोवती फिरणाऱ्या फळीने त्याला घंटेच्या आतल्या अंगाचा आकार द्यायचा. त्यावर मातीचीच खोटी घंटा, तिच्या अंगावर मेणाची अक्षरे आणि नक्षी, आणि त्यावर बाहेरचे कवच. आतून जाळ करून वाळवले की मेण वितळून जाते आणि अक्षरांचे ठसे कवचात उरतात. मग कवच उचलायचे, खोटी घंटा फोडून काढायची, कवच परत बसवायचे, खड्डा माती ठोकून भरायचा आणि मधल्या पोकळीत सुमारे ११०० अंशांचा रस सोडायचा. आपले ओतारी शेण, माती, भाताचे तूस आणि मेण घेऊन याच जातीचे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, त्यामुळे हे वाचून माझ्या शॉपमधल्या म्हाताऱ्या मोल्डरला काही नवल वाटणार नाही. नवल आकाराचे आहे. साच्यात ओल राहिली तर वाफेने साचा फुटतो. रस मध्येच अडला तर घंटेच्या अंगात थर पडतो. साडेअकरा टन रस एका दमात खाली गेला पाहिजे, आणि जमले की नाही ते काही दिवसांनी, खड्डा उकरल्यावर कळते.

आता धातू. सगळ्या प्रकरणाची मेख इथे आहे. युरोपातल्या चांगल्या घंटेत शंभर भागांत साधारण ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील असते; हेच घंटेचे कासे. जुन्या काशाच्या तोफेत कथील दहाच्या आसपास, कारण तोफेने आतला धक्का सोसला पाहिजे, फुटता कामा नये. कथील वाढवत नेले की धातू कडक होतो, नाद लांबतो, आणि चिवटपणा जवळजवळ संपतो. घंटेचे कासे वाकत नाही, ते तडकते. आपल्या झेडपीच्या शाळांत रुळाचा तुकडा टांगलेला असतो ना, त्याला पोरांनी वर्षानुवर्षे हातोडीने बडवले तरी काही होत नाही, कारण ते चिवट पोलाद आहे. त्याचा आवाज मात्र मैदान ओलांडेपर्यंत संपतो.

गावोगावी ऐकू येते की आमच्या घंटेत सोने घातले आहे, म्हणून ती अशी गोड वाजते. सोन्याचांदीने नाद सुधारत नाही. ओल्ड गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये 'सोनेरी घंटा' म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे. ती कुंकळ्ळीला १६५२ मध्ये ओतलेली, आणि नाव पडले ते आवाजावरून. सोन्याची कथा सांगायची तर चोरांच्या कानावर जाणार नाही अशा बेताने सांगा.

घंटा एक स्वर देत नाही, पाच-सहा स्वर एकदम देते. तळाशी लांब रेंगाळणारी गुंज, तिच्यावर एक सप्तक चढून मूळ स्वर, मग त्याचा कोमल गंधार, पंचम, आणि वरचा षड्‌ज. चर्चच्या घंटेत जो करुण रंग असतो तो त्या कोमल गंधाराचा. हे सगळे स्वर भिंतीच्या जाडीतून येतात. लोलक आपटतो तिथली कड सर्वांत जाड, व्यासाच्या साधारण तेराव्या भागाएवढी. ग्लोरिओसाची म्हणजे जवळजवळ एक वीत. आतून धातू तासून हे स्वर नेमके जुळवण्याचे तंत्र सतराव्या शतकात नेदरलँड्समध्ये हेमोनी बंधूंनी बसवले. फान वाऊ त्याच्या दीडशे वर्षे आधीचा. त्याने साच्यातूनच तो आवाज काढला, आणि म्हणूनच त्या घंटेची कुठलीही दुरुस्ती करताना लोक एवढे घाबरतात.

तडा गेला की दोन गोष्टी होतात. फटीच्या दोन कडा एकमेकींवर घासून खरखर येते, आणि घंटेचे अंग चहूबाजूंनी सारखे राहत नसल्यामुळे एकेका स्वराचे दोन-दोन तुकडे होतात. तुमची घंटा बद्द वाजते म्हणजे बहुधा हेच. बहुधा म्हणतो, कारण कधीकधी घंटा धड असते आणि वरचा बोल्ट सैल होऊन तो खडखडत असतो, किंवा एखाद्या भाविकाने बांधलेला नारळ नाहीतर लाल फडके अंगाला टेकलेले असते. ते आधी काढून, लाकडाच्या दांड्याने हलकेच टिचकी मारून ऐका.

घंटा म्हातारी होऊन तडकत नाही. तिला लोलक मारतो, किंवा लोखंड. लोलकाचे आधी सांगतो. युरोपात झुलवून वाजवायच्या घंटेत अख्खी घंटा हलते, लोलक समोरासमोरच्या दोन जागी आपटतो आणि लगेच मागे येतो. आपल्याकडे घंटा स्थिर आणि लोलक माणूस हलवतो. दर्शनाच्या रांगेत सगळे एकाच बाजूने येतात, त्यामुळे टोला वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी बसतो. आतून हात फिरवून पाहा, तिथे खळगा लागेल. त्यातून पोरे दोरी ओढून लोलक कडेला दाबून धरतात. आघात झाला की लोलकाने सुटले पाहिजे. टेकून राहिला तर घंटेला मोकळेपणाने थरथरता येत नाही आणि ताण एका जागी साचतो. इंग्लंडमध्ये कंटाळलेले घंटावाले लोलकालाच दोर बांधून ओढत, आणि या सवयीने तिथल्या कितीतरी जुन्या घंटा फुटल्या. तिसरी चूक आपली खास: जुना लोलक झिजला किंवा चोरीला गेला की गॅरेजमधून पोलादी शाफ्टचा तुकडा कापून लावायचा. लोलक घंटेपेक्षा मऊ हवा. झिजायचे असेल तर लोलकाने झिजावे, तो पन्नास वर्षांनी बदलता येतो. कोलोनच्या कॅथेड्रलमधल्या १९२३ च्या चोवीस टनी घंटेचा लोलक २०११ मध्ये तुटून खाली पडला, तेव्हा नवा बसवताना तो आधीपेक्षा हलका केला. घंटेला ते मानवले.

लोखंडाचे प्रकरण लोकांना ठाऊक नसते. लोलक अडकवायची लोखंडी कडी पुष्कळ जुन्या घंटांत ओततानाच माथ्यात बसवलेली असते. ती गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, आणि कासे तर ताणले जात नाही, मग माथ्यातून तडा निघतो. हा तडा खालून दिसत नाही. आपल्याकडे हवा बहुतेक वर्षभर कोरडी, म्हणून ही क्रिया कोकणापेक्षा सावकाश होते. पण देवळात रोज अभिषेकाचे पाणी आणि ओल असेल तर तो फायदा राहत नाही.

आता एर्फुर्टचे वेल्डिंग. ग्लोरिओसाला १९८४ मध्ये तडा गेला. १९८५ मध्ये मनोऱ्यातच, जागेवर ती जोडली. काही वर्षांनी पुन्हा दोष दिसला आणि २००४ मध्ये तिला मनोऱ्यातून उतरवून बव्हेरियातल्या नॉर्डलिंगेनला नेले, तिथे घंटा जोडण्याचे खास कारखानदारी काम चालते. पद्धत अशी: फट पूर्ण खोदून काढायची, अगदी निरोगी धातू लागेपर्यंत. मग अख्खी घंटा भट्टीत ठेवून हळूहळू ४०० अंशांच्या वर न्यायची, त्या तापमानालाच धरून ठेवायची, घंटेच्याच मिश्रणाच्या काडीने फट भरायची आणि कित्येक दिवस घेऊन थंड करायची. जोडकाम थोडे, तापवणे आणि निववणे हेच खरे काम. पाच शतकांची घंटा पुन्हा वाजू लागली, तरी ती रोज वाजवत नाहीत. वर्षातल्या मोजक्या मोठ्या सणांनाच तिचा आवाज निघतो.

पितळी काडीवाला यातले काय करतो? घंटा टांगलेलीच ठेवून तिच्या एका वीतभर जागेवर गॅसची ज्योत धरतो. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतावा तसे ते होते. तापलेली जागा फुगू पाहते, आजूबाजूचे थंड कासे तिला फुगू देत नाही. निवताना ती आकसू पाहते, तेव्हा तिला आकसूही देत नाही. जोड वरून छान दिसतो आणि त्याच्या शेजारीच नवा तडा निघतो, कधी लगेच, कधी महाशिवरात्रीच्या गर्दीत. शिवाय काडीतल्या जस्ताचा धूर होऊन आत बारीक छिद्रे राहतात. नाद परत येत नाहीच. आणि नंतर कुणी चांगला माणूस मिळाला तरी त्याला आधी ते पितळ खोदून काढावे लागते, म्हणजे मूळ धातूही जातो.

तरी वेल्डरवर एवढे रागावू नका. आपल्या देवळांतल्या पुष्कळ घंटा, विशेषतः गेल्या साठ-सत्तर वर्षांतल्या, काशाच्या नसून पितळेच्या असतात. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त; ते चिवट असते, जोडून घेता येते. म्हणून पहिला खर्च धातू तपासण्याचा करा. मोठे भंगारवाले आणि मटेरियल टेस्टिंगच्या लॅब हातात धरायचे, क्ष-किरणांनी धातू ओळखणारे एक्सआरएफ यंत्र वापरतात. घंटेला ओरखडाही न पाडता मिनिटभरात तांबे, कथील, जस्त यांचे प्रमाण कळते. कळकाच्या, म्हणजे धातूवर चढलेल्या जुन्या काळपट-हिरव्या थरावर यंत्र लावले तर आकडे चुकतात, म्हणून दोरीने घासून उघडी पडलेली जागा दाखवा. कथील वीसच्या आसपास निघाले तर ती खरी नादघंटा, तिला काडी लावायची नाही. स्पेक्ट्रो नावाच्या दुसऱ्या धातू-तपासणीसाठी तुकडा कापून द्या असे कुणी म्हणाले तर सरळ नाही म्हणा.

वितळवून नवी ओतण्याविषयी माझे मत थोडे कडक आहे. घंटा अलीकडची असेल, अंगावर फक्त दात्याचे नाव आणि शके असेल, तर ओता. त्या माणसाचे नाव नव्या घंटेवर पुन्हा घाला, बस्स. पण वय शंभर वर्षांच्या पुढे असेल किंवा अंगावर परकी अक्षरे, क्रूस, मूर्ती असे काही असेल, तर तिला भट्टीजवळ नेऊ नका. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर तिथल्या चर्चच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत पोहोचल्या. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात त्या आजही पाहता येतात. त्या काळी काशाला तोफखान्यात गिऱ्हाईक होते. तांबे वाढवून कथील खाली आणले की घंटेची तोफ होते. युरोपात कितीतरी घंटांची हीच गत झाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने घंटांचे चार वर्ग पाडून हजारोंनी वितळवल्या, फक्त शेवटच्या 'ड' वर्गातल्या ऐतिहासिक घंटा मनोऱ्यात राहू दिल्या. वसईच्या या घंटा वाचल्या, कारण त्या देवापुढे टांगल्या गेल्या. तुमच्या गावची तशीच असेल असे मी मुळीच म्हणत नाही. पण पाहिल्याशिवाय वितळवू नका. एकदा ओतली की अक्षरे गेली, आणि आवाजही गेला. त्याच धातूतून तोच आवाज पुन्हा काढून देतो असे कुणी म्हणाले तर त्याला आगाऊ रक्कम देऊ नका.

तडा गेलेली घंटा जोडलीच पाहिजे असेही नाही. लंडनचा बिग बेन, पावणेचौदा टनांचा, १८५९ मध्ये वाजू लागल्यावर दोनच महिन्यांत तडकला. चार वर्षे गप्प राहिला. मग त्यांनी घंटा जागच्या जागी फिरवली म्हणजे घाव नव्या जागी बसेल, हातोडा हलका केला आणि तडा पुढे सरकू नये म्हणून तिथे छोटा चौकोनी तुकडा कापून काढला. बिग बेन आजही त्या तड्यासकट वाजतो. उलट अमेरिकेतल्या लिबर्टी बेलच्या फटीच्या कडा एकमेकींना लागू नयेत म्हणून १८४६ मध्ये फट मुद्दाम रुंद केली, तरी तडा पुढे गेलाच आणि ती घंटा कायमची मुकी झाली. म्हणजे खात्री कुणी देऊ शकत नाही. तुमच्या घंटेचा तडा लहान आणि कडेपुरता असेल, तर फिरवणे आणि हलका, मऊ लोखंडाचा लोलक हे मी आधी करून पाहीन. खर्च फार येत नाही: चेन ब्लॉक, दोन माणसे आणि घंटा नवीन दिशेने बसेल अशी वरची पट्टी.

सफाईबद्दल एकच सांगतो, कारण ट्रस्टच्या बैठकीत हा विषय निघणारच. चिंच आणि मीठ नको. मिठातला क्लोराइड काशाच्या छिद्रांत राहतो आणि पुढे फिकट हिरवी भुकटी सुटत राहते. ती पुसली तरी आतून पुन्हा येते. ग्राइंडरला बफ लावून घंटा चकचकीत करणारेही भेटतील. त्यात अक्षरे गुळगुळीत होतात. जुना तपकिरी-काळपट थर घंटेला राखतो, तो असू द्या. कोरडे सुती फडके, मऊ ब्रश, आणि कबुतरांची विष्ठा वेळच्या वेळी काढणे, एवढे पुरे.

गावी फोन कराल तेव्हा इतके करायला सांगा. घंटेचे चारी बाजूंनी, आतून आणि माथ्यावरून फोटो, शेजारी पट्टी धरून. अक्षरे असतील तर त्यांवर पातळ कागद धरून पेन्सिलीने ठसा. आवाजाचे रेकॉर्डिंग, फक्त लाकडी दांड्याच्या हलक्या टिचकीचे. तड्याची दोन्ही टोके कुठे संपतात ते पाहायला डायपेनिट्रंट, म्हणजे फटीत मुरून ती दाखवणारे लाल द्रव्य वापरतात, पण ते जुन्या कळकात मुरते, म्हणून अक्षरांजवळ नको. आधी भिंग आणि टॉर्च पुरेल. ट्रस्टच्या जंगम मालमत्तेच्या नोंदवहीत घंटेची नोंद आहे का ते बघा, नसेल तर वजन-मापासह करून घ्या, चोरी झाली तर तोच कागद कामाला येतो. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तेव्हा तशी शंका असेल तर राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला पत्र द्या. धातूच्या जुन्या वस्तूंचा सल्ला मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात मिळतो, आणि त्या कामासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा लखनौला आहे.

फोटो आणि एक्सआरएफचे आकडे आले की मला दाखवा. जस्त जास्त असेल, म्हणजे घंटा पितळेची निघाली, तर तुमच्या वेल्डरलाच बोलावू, फक्त अंग आधी कोळशाच्या शेगडीवर सगळीकडून सारखे तापवायचे आणि राखेत पुरून निववायचे, हे त्याच्यासमोर उभे राहून करून घेईन. कथील जास्त असेल तर घंटा फिरवायला सुगीनंतरचा एखादा रिकामा आठवडा ठरवा, आणि तोवर आरतीला देवळातली लहान घंटा वापरा.